पायाळू बाळ फिरवण्याचा पर्याय प्रत्येकीला सांगितला जावा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

दिवस भरत आले तरी शंभरातल्या साधारण तीन ते चार बाळांचे डोके वरच राहते, म्हणजे ती पायाळू असतात. सोनोग्राफीत हे दिसले की अनेकदा थेट सिझेरियनची तारीख ठरते. पोटावरून हाताने दाब देऊन बाळाचे डोके खाली आणून पाहता येते, हे त्या स्त्रीच्या कानावरही पडत नाही.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या बहुराष्ट्रीय चाचणीत पायाळू बाळांसाठी नियोजित सिझेरियन अधिक सुरक्षित ठरले आणि त्यानंतर अशी बाळंतपणे खालून करणारे सरावलेले हात कमी होत गेले. त्या निष्कर्षाशी माझा वाद नाही. उलट पायाळू बाळंतपण जोखमीचे आहे म्हणूनच बाळ आधी फिरवून पाहण्याला महत्त्व येते, कारण पहिल्या सिझेरियनचा व्रण पुढच्या प्रत्येक गरोदरपणात वार (बाळाला पोसणारा, नाळेने जोडलेला भाग) गर्भाशयाला घट्ट चिकटण्याचा आणि गर्भाशय फाटण्याचा धोका वाढवतो.

पहिलटकरणीच्या बाबतीत ३६व्या आणि इतरांच्या बाबतीत ३७व्या आठवड्यापासून, गरजेनुसार गर्भाशय सैल करणारे इंजेक्शन देऊन आणि बाळाचे ठोके आधी व नंतर तपासून हा प्रयत्न करतात. तो साधारण निम्म्या वेळा यशस्वी होतो. पहिलटकरणींत थोडा कमी, आधी बाळंत झालेल्यांत थोडा अधिक. फिरलेले बाळ पुन्हा उलटे होणे विरळाच. सुमारे दोनशेत एकीला मात्र तातडीने सिझेरियन करावे लागते, म्हणून शस्त्रक्रियेची तयारी असलेल्या रुग्णालयाबाहेर हे करूच नये. (घरी पोट चोळून बाळ फिरवण्याशी याची गल्लत तर मुळीच नको.) वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असेल, जुळे असेल, पाणमोट फुटली असेल किंवा नुकताच रक्तस्राव झाला असेल, तर हा मार्ग बंद असतो.

माझी मागणी मर्यादित आहे. ३६व्या आठवड्यात प्रत्येक गर्भवतीच्या बाळाची स्थिती तपासली जावी. पायाळू असल्यास हा पर्याय, त्याचे यश आणि जोखीम तिला समजेल अशा भाषेत सांगून तिचा निर्णय नोंदवला जावा. आणि सिझेरियनची सोय असलेल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत निदान एक प्रशिक्षित प्रसूतीतज्ज्ञ असावा. जिथे तो नाही, तिथून तिला वेळेत पुढे पाठवले जावे, कारण आठवडे उलटतील तसे बाळ फिरणे अवघड होते. कृपया यात उद्दिष्टांचे आकडे मात्र ठरवू नयेत. तसे झाल्यास नको म्हणणाऱ्या स्त्रीवरही दबाव येईल.

आपला विश्वासू,
एक नागरिक