दीर्घिकांमधला अंधार रिकामा नसतो

प्रति,
संपादक,

स. न. वि. वि.

'स्टीफनचे पंचक' या दीर्घिकासमूहाचे जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेले छायाचित्र आपल्या रविवार पुरवणीत अर्धे पान देऊन छापले, याबद्दल आभार. मात्र त्याखालच्या ओळींत 'पाच दीर्घिकांची टक्कर' आणि त्यांच्यामधली 'निर्वात पोकळी' असे जे म्हटले आहे, ते दोन्ही दुरुस्त व्हायला हवे.

पहिली दुरुस्ती किरकोळ आहे. १८७७ मध्ये मार्सेयच्या वेधशाळेतून शोधलेल्या या पंचकातली एनजीसी ७३२० ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे ४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि उरलेल्या चौघी सुमारे २९ कोटींवर. पाचवी केवळ त्याच दिशेला असल्यामुळे त्यांच्यात दिसते.

दुसरी चूक मात्र गंभीर आहे, कारण टकरीचा खरा पुरावा त्या 'पोकळी'तच असतो. दीर्घिकेतले तारे बहुतांशी आतल्या भागात असतात, तर हायड्रोजन वायू त्यांच्याही पलीकडे सैलसा पसरलेला असतो. त्यामुळे शेजारून दुसरी दीर्घिका गेली, की चंद्र ज्या रीतीने समुद्राला भरती आणतो त्याच रीतीने ती आधी हा कडेचा वायू ओढते आणि त्याच्या लांबच लांब शेपट्या व पूल तयार होतात. हा थंड वायू डोळ्यांना दिसत नाही. तो २१ सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर लांबीच्या रेडिओ लहरींतूनच कळतो. एम ८१, एम ८२ आणि एनजीसी ३०७७ या साध्या छायाचित्रांत सुट्या दिसणाऱ्या दीर्घिका वायूच्या पट्ट्यांनी एकमेकींशी जोडलेल्या आहेत, हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेडिओ नकाशाने दाखवले. पंचकाभोवती तर चीनच्या 'फास्ट' या रेडिओ दुर्बिणीला २०२२ मध्ये सुमारे २० लाख प्रकाशवर्षे पसरलेला वायू सापडला. त्याचा बाहेरचा विरळ भाग बहुधा १०० कोटी वर्षांपूर्वीच्या एखाद्या भेटीतून सांडला असावा. पण इतका विरळ हायड्रोजन अतिनील किरणांच्या माऱ्यात ५० कोटी वर्षांतच विद्युतभारित होऊन या लहरींत दिसेनासा व्हायला हवा होता. तो टिकला कसा, हा खरा प्रश्न आहे, आणि आपल्या मजकुरात त्याचा उल्लेखही नाही.

हे सगळे परदेशातलेच आहे असेही नाही. आमच्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला विज्ञान दिनी गेलो होतो, तेव्हा ४५ मीटर व्यासाच्या त्या अँटेनाच्या जाळीतून पलीकडचे ढग स्वच्छ दिसत होते. अशा चाळणीत लहरी अडकतात कशा, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, की भोके एक-दोन सेंटीमीटरची आहेत, वीतभर लहर त्यातून निसटणार नाही. याच ३० अँटेनांच्या दुर्बिणीने एजीसी २०३००१ या दीर्घिकेभोवतीचे सुमारे ३ लाख ८० हजार प्रकाशवर्षे व्यासाचे हायड्रोजनचे कडे उघड केले, आणि २०२० मध्ये ते जाहीर झाले. त्यात तारे जवळपास नाहीतच, त्यामुळे त्याचे देखणे छायाचित्र निघत नाही, आणि म्हणूनच बहुधा ते पुरवणीच्या पानावर येत नाही.

तेव्हा यापुढे अशा समूहाचे छायाचित्र छापाल, तेव्हा त्याच भागाचा हायड्रोजनचा नकाशा शेजारी छोट्या चौकटीत द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नारायणगाव