हॉलमधल्या एअरगन रेंजचा बॅकस्टॉप: सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, भुसावळ

विषय: तळमजल्यावरच्या हॉलमधील नियोजित एअरगन रेंजच्या मागच्या भिंतीबाबत

स.न.वि.वि.

नोटीस बोर्डावर लावलेलं कोटेशन वाचलं. रेंजला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो, कारण बी विंगमधून पत्र आलं की ते विरोधाचंच असणार असा आपल्याकडे समज झाला आहे. माझं म्हणणं फक्त छर्रे जिथे जाऊन आदळणार त्या भिंतीबद्दल आहे. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये झाली, तेव्हा लोखंड आणि रबर यांच्याशी थोडी ओळख आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेला पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळालं. मध्य रेल्वेचा माणूस म्हणून आम्हा निवृत्तांच्या कट्ट्यावर पेढे वाटले गेले आणि तेव्हापासून पोरांच्या डोक्यात नेमबाजी बसली आहे. पण त्याचा प्रकार ५० मीटरचा, पॉइंट बावीस बोअरचा. त्यात काडतूस असतं. आपण करतोय तो १० मीटरचा, हवेवर चालणारा. मनू भाकरनं त्याच ऑलिंपिकमध्ये पदक घेतलं तो. पुढचं सगळं ४.५ मिलिमीटरच्या हवेच्या बंदुकीपुरतंच आहे. पॉइंट बावीसची बंदूक उद्या कुणी हौसेनं दाखवायला जरी आणली, तरी ती हॉलच्या दारातून आत येता कामा नये, हे नियमावलीत ठळक लिहा.

आता कोटेशन. त्यात १८ मिमीचं प्लायवूड भिंतीला ठोकून त्यावर रबर शीट ताणून खिळ्यांनी बसवायची आहे. दिसायला हे झकास दिसेल, आणि नेमकं हेच करू नये. स्पर्धेच्या रायफलीचा छर्रा शिशाचा, वजनानं अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आणि सुटतो तो सेकंदाला १७० ते १८० मीटर वेगानं. त्याला अडवणं अवघड नाही. अडवल्यावर तो कुठे जातो हे बघायला हवं. मागे पक्कं प्लायवूड असलेलं ताणलेलं रबर दबायला जागा नसल्यानं त्याला उलटा फेकतं. तेच रबर वरच्या कडेनं पडद्यासारखं टांगलं आणि मागे वीत-दीड वीत जागा सोडली, तर ते मागे झुलतं, छर्र्याचा जोर झुलण्यात संपतो आणि तो खाली पडतो. माल तोच, फरक फक्त बसवण्यात. दीपनगरच्या वीज केंद्राच्या बाजूला भंगारात कोळशाच्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे मिळाले तर उत्तम. नुसत्या शीटपेक्षा ते जड असतात आणि आत कापडाचे थर असतात. फक्त ते धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी पोरं कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसतील.

बेल्टचा पडदा हा चुकलेल्या नेमासाठी. टार्गेटच्या मागे लागेल तो लोखंडी ट्रॅप, म्हणजे छर्रा अडवून धरणारी पेटी, प्रत्येक लेनला (एका नेमबाजाच्या पट्ट्याला) स्वतंत्र. छर्रा थांबवायला ३ मिमी एमएस (साध्या पोलादाची) प्लेट पुरते. मी ५ मिमी म्हणतो, कारण पातळ पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेनं वाकतो आणि त्याच्यावर घाव बसला की सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातो. प्लेट उभी नको, तिरपी हवी, साधारण ४५ अंशात, आणि वरचा काठ नेमबाजाकडे झुकलेला. म्हणजे छर्रा चपटा होऊन खालच्या पेटीत पडतो. फॅब्रिकेटरला हे कागदावर चित्र काढून द्या, कारण नुसतं ‘तिरपी’ म्हटलं की तो छपरासारखी मागे झुकवून मोकळा होईल आणि मग सगळे छर्रे ट्यूबलाइटकडे. प्लेटच्या तोंडावर बोल्टचं डोकं किंवा वेल्डिंगचा गोळा राहू देऊ नका. तिथे लागलेला छर्रा कुठल्या कुठे जातो. पेटीचे पुढचे काठही नेमबाजाकडे उघडे राहतात, त्यांच्यावर जाड रबराची पट्टी मोकळी सोडा. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर येतो, त्या हिशेबानं स्टँड करून घ्यावा.

मीटिंगमध्ये आलेल्या बाकीच्या सूचनांबद्दल. जुने टायर नकोत: गोल, टणक, उडवून लावणारे. भिंतीला उघडं प्लास्टर ठेवायची कल्पना त्याहून वाईट, त्याचे कपचे निघतात. तापीच्या वाळूची पोती छर्रा छान गिळतात, यात शंका नाही, पण गोणपाट फाटलं की वाळू गळते, आणि बंद हॉलमधली ती बारीक धूळ छातीला वाईट. खजिनदार नानांची जिनिंगमधला कापूस भरायची सूचना ऐकून सगळे हसले, पण त्यात तथ्य आहे. मोकळा कापूस नाही, टेलरकडच्या चिंध्या पेटीत ठासून भरल्या तर ट्रॅप शांत चालतो आणि शिशाचा चुराही कमी होतो. अडचण एवढीच की रोज एकाच जागी मारा होतो, तिथे बोगदा पडतो आणि एक दिवस छर्रा थेट मागच्या पत्र्यावर वाजतो. वरचेवर चिंध्या उकरून फिरवायला कोण तयार आहे, ते आधी ठरवा. आणि लाइटच्या वायरी त्यांच्यापासून लांब हव्यात.

एसीच्या पाइपाभोवती लावतात ती न वाळणारी पुट्टी बऱ्याच ठिकाणी ट्रॅपमध्ये भरतात. आवाज नाही, चुरा नाही, छर्रा आत रुतून बसतो. पण मे महिन्यात आपल्या हॉलची काय भट्टी होते ते आपल्याला माहीत आहे. पारा ४५ वर गेला की पुट्टी सैल पडून खाली ओघळणार. शिवाय आत शिसं साठलं की नवा छर्रा जुन्यावर आपटून परत येतो, म्हणून ती अधूनमधून उकरावी लागते. हिवाळ्यात एका लेनवर लावून बघायला हरकत नाही.

एक बंदी मात्र आजच घाला. खेळण्याच्या दुकानात मिळणाऱ्या बंदुकांचे गोल पोलादी छर्रे या हॉलमध्ये चालणार नाहीत. शिसं मऊ असतं, आपटून चपटं होतं. पोलाद होत नाही, ते प्लेटवरून उसळून जसंच्या तसं परत येऊ शकतं, अगदी डोळ्यापर्यंत. डोळ्यांना चष्मा सगळ्यांना सक्तीचा करा, बघायला बसलेल्या आईवडिलांनासुद्धा.

आता शिशाबद्दल, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. लोखंडी प्लेटवर आपटलं की त्याची पूड होते. रक्तात किती शिसं सुरक्षित, अशी कुठलीही मर्यादा नाही असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि लहान मुलं व गरोदर बायकांना त्याचा धोका जास्त. आपल्याकडे हॉल कोण झाडतं? मावशी, कोरड्या झाडूनं, पदर नाकाला लावून. ते बंद. ओल्या फडक्यानं पुसायचं, हातमोजे घालून, आणि ते फडकं दुसरीकडे वापरायचं नाही. हे काम मावशींच्या रोजच्या पगारात ढकलू नका. कोचिंग घेणाऱ्यांनीच करावं. पेटीतलं शिसं झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत रिसायकलिंगवाल्याला द्यावं, गल्लीतल्या भंगारवाल्याला नाही. महिला मंडळाची भिशी आणि फराळ यापुढे या हॉलमध्ये नको, गणपतीच्या मखराचं सामानही हलवावं लागेल. सराव झाल्यावर हात धुतल्याशिवाय पोरांनी डबा उघडायचा नाही.

नकाशात कूलर टार्गेटच्या बाजूच्या खिडकीत दाखवला आहे. तो तिथे बसवला तर सगळी पूड पोरांच्या तोंडावर येईल. कूलर नेमबाजांच्या पाठीमागे आणि एक्झॉस्ट टार्गेटच्या टोकाला, म्हणजे हवा पुढे वाहून बाहेर पडेल. त्या एक्झॉस्टचं तोंड कुणाच्या गॅलरीखाली नको.

तसंच पंपरूमचं दार. ते लेनच्या मध्येच उघडतं आणि वॉचमन मोटर सुरू करायला तिथूनच जातो. त्याला बाहेरून वेगळा रस्ता होईपर्यंत एकही छर्रा सुटू नये. नुसती पाटी लावून भागणार नाही; आतून कडी हवी.

परवान्याचा प्रश्न दोघांनी विचारला होता. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत जोराच्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही. पण हॉलचा वापर बदलतोय, तेव्हा सर्वसाधारण सभेचा ठराव घ्यावा आणि नगरपालिकेलाही लेखी विचारून ठेवावं.

पैशाचं म्हणाल तर प्लायवूड आणि रबर शीटची रक्कम या कामाकडे वळवता येईल. पूर्ण ऑर्डर देण्याआधी एकच ट्रॅप करून घ्या. त्याच्या समोर जमिनीवर आणि दोन्ही बाजूंना जुनी वर्तमानपत्रं पसरा आणि कोचला काही छर्रे मारायला सांगा. कागदावर जिथे भोकं किंवा करडे ओरखडे दिसतील तिथून तुकडा बाहेर निघतोय असं समजावं, आणि तेवढी बाजू बंद करून पुन्हा बघावं. पुढे कधी बिनशिशाचे छर्रे आणायचे झाले तर ही चाचणी परत करावी लागेल. ते जास्त टणक असतात आणि जास्त उसळतात.

पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्यावा आणि तोपर्यंत प्लायवूडवाल्याला अॅडव्हान्स देऊ नये, ही विनंती. फॅब्रिकेटरसोबत माप घ्यायला आणि वेल्डिंगच्या वेळी उभं राहायला मी येईन. सकाळी दहाच्या आत ठेवा, नंतर उन्हाचं काही होत नाही.

आपला,
बी विंगमधील एक ज्येष्ठ सभासद