बाबा, तुमच्यासाठी बिग बेन बघून आले

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की बाबा पाचव्या मिनिटाला फोन आईच्या हातात देतात, म्हणून यावेळी लिहूनच काढते. लंडनच्या त्या घड्याळाच्या मनोऱ्यात, बिग बेनमध्ये, चढून आले. पार वर, घंटेपाशी. कागदोपत्री तो 2012 पासून एलिझाबेथ टॉवर, पण तसं म्हणताना मी अजून कोणाला ऐकलेलं नाही.

फोन, कॅमेरा सगळं खालीच ठेवून घेतात. त्यामुळे आई, फोटो नाहीत, रागावू नकोस. 334 पायऱ्या, त्याही अरुंद गोल जिन्याच्या. मध्ये थांबत थांबत माहिती सांगतात, म्हणून निभावतं. तबकड्यांच्या मागे नेतात तेव्हा आपण दुधी काचेच्या आतल्या बाजूला उभे असतो. सात मीटरची तबकडी, त्यात काचेचे 324 तुकडे. काट्यांच्या सावल्या काचेवर दिसतात आणि आतून बघताना घड्याळ उलटं चालतं! मला ते सगळ्यात जास्त आवडलं.

बाबा, आता खास तुमच्यासाठी. घड्याळ 1859 सालचं आहे आणि त्याला अजूनही आठवड्यातून तीनदा माणसं हातानं चावी देतात. तुमचं दर रविवारचं काम इथे सरकारी नोकरी आहे! टोल्यांसाठी मोटर आहे, पण वेळ दाखवणारं यंत्र हातावरच. लंबकावर जुन्या पेनी नाण्यांची चळत ठेवलेली असते. घड्याळ मागे पडायला लागलं की एक नाणं वाढवायचं, पुढे जायला लागलं की एक काढायचं. एका नाण्यानं दिवसाला साधारण 0.4 सेकंदाचा फरक पडतो. नाण्यामुळे लंबकाचा गुरुत्वमध्य किंचित वर सरकतो, म्हणजे लंबक जणू आखूड होतो आणि भरभर हलतो. तुम्ही आपल्या लंबकाखालचा स्क्रू फिरवता तेच, फक्त इथे घड्याळ न थांबवता होतं.

यंत्राचा आराखडा एडमंड डेनिसन नावाच्या वकिलाचा. वकील! वारा, बर्फ काट्यांना कितीही रेटू दे, त्याचा धक्का लंबकापर्यंत पोचू नये अशी युक्ती त्यानं बसवली. हुशार होताच, पण हट्टीही. घंटेचा हातोडा ओतारींनी सांगितल्यापेक्षा कितीतरी जड लावला आणि पहिल्याच वर्षी घंटेला तडा गेला. ही घंटा दुसरी बरं का, पहिली तर मनोऱ्यात चढायच्या आधीच तडकली होती. मग 13.7 टनांची ही घंटा जागच्या जागी थोडी फिरवली, हातोडा हलका केला आणि काम भागवलं. तडा अजून तसाच आहे. आवाजाला जो जरासा वेगळा सूर आहे, तो त्यामुळेच म्हणतात.

टोल पडायच्या आधी कानात घालायला बोळे देतात. तरी पहिल्या ठोक्याला मी दचकलेच. आवाज कानांपेक्षा छातीत जास्त जाणवतो, आणि ठोका संपला तरी घंटा बराच वेळ घुमत राहते. वर वाराही चांगलाच गार होता.

आई, तुझ्या गुडघ्यांना हे झेपायचं नाही, आणि पर्यटकांना पायऱ्याच चढाव्या लागतात. तू आणि मी खाली वेस्टमिन्स्टर पुलावर थांबू. 2017 ते 2022 मोठी डागडुजी झाली, तेव्हा तबकडीची काळी झालेली चौकट खरवडून मूळचा निळा रंग परत दिलाय, तो खालूनच जास्त छान दिसतो. संध्याकाळी गेलो आणि पार्लमेंटचं कामकाज चालू असलं, तर वर टोकाला दिवाही लागलेला दिसेल.

बाबांचं तिकीट मात्र काढायचंच. पण बाबा, आधी डॉक्टरांना विचारा, 334 पायऱ्या म्हणून स्पष्ट सांगा, "थोडं चढायचंय" असं मोघम नको. तिकिटं भराभर संपतात, तेव्हा कोणत्या महिन्यात येताय ते लवकर कळवा. आणि दोघांच्या पासपोर्टची मुदत बघून ठेवा.

तुमची,
लेक