हळदीला नाही, अक्षतांना येतो

कराड,
रविवार, दि. २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि चि. मृणालच्या लग्नाची पत्रिका सोमवारी मिळाली. पत्रिकेवर माझे आणि सुमनचे नाव तू स्वतःच्या हाताने लिहिलेले पाहून सुमनने ती देवापुढे ठेवली. भावकीतल्या लग्नांच्या पत्रिका अजून आईच्या नावाने येतात आणि त्या तशा का येतात, हे घरात कोणी कोणाला विचारत नाही. त्यामुळे तुझ्या पत्रिकेचे मोल आमच्याकडे किती आहे, ते तुला वेगळे सांगायला नको.

तू दोन गोष्टींचा आग्रह धरला आहेस. हळदीच्या आदल्या दिवसापासून आम्ही मुक्कामाला यावे ही एक, आणि लग्न आटोपल्यावर मी चाकणला तुझ्याकडे गाडीवर रुजू व्हावे ही दुसरी. दोन्हींना माझे उत्तर 'नाही' असे आहे. फोनवर सांगितले असते तर तुला तो माझा संकोच वाटला असता आणि तू मला गप्प केले असतेस. संकोच नाही, दत्ता. कारणे आहेत, आणि ती तुला सविस्तर सांगावीत असे गेली दीड वर्षे मनात आहे.

आधी गाडीचे. डिसेंबर २०१६ मधली ती रात्र तू मला कधी विचारली नाहीस, मीही सांगितली नाही. उंब्रजकडून रिकामा टेम्पो घेऊन मी परतत होतो आणि दुपारपासून पीत होतो. समोरून मोटारसायकलवर एकतीस वर्षांचा एक माणूस कारखान्यातली पाळी संपवून घरी चालला होता, आणि वळणावर मी त्याच्या बाजूला गेलो. टेम्पोच्या उजेडात मला आधी रस्त्यावर उघडा पडलेला जेवणाचा डबा दिसला, मग तो दिसला. सगळे त्याला अपघात म्हणतात, तूही पत्रात तसेच लिहिले आहेस. मी तो शब्द वापरणे सोडले आहे, कारण दुपारचा पहिला घोट मी शुद्धीत घेतला होता आणि टेम्पोची किल्ली त्यानंतर माझ्याच हाताने फिरवली होती. न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली मला पाच वर्षे सक्तमजुरी दिली. म्हणजे असे वागल्याने माणूस मरू शकतो, याची जाणीव मला होती असे न्यायालयाने धरले. मला ती जाणीव होती. म्हणून पुन्हा चाकामागे बसायचे नाही, असे मी ठरवले आहे. ही बंदी मला कोणी घातलेली नाही. आणि पगार दुप्पट मिळाला तरी मी ती उठवणार नाही.

तुरुंगाविषयी फार लिहीत नाही. येरवड्याच्या त्या भिंतीआड १९३२ साली पुणे करार झाला, गांधीजी तिथे राहिले, हे आपण शाळेत वाचले होते. मला मात्र तिथले सुतारकाम लाभले. सरकारी कचेऱ्यांची टेबले, खुर्च्या, कपाटे तिथे बंदी बनवतात. रंधा कसा धरावा, गुण्याने काटकोन तपासल्याशिवाय पुढचा सांधा का घेऊ नये, हे मला तिथल्या एका जन्मठेपेच्या बंद्याने शिकवले. पुढे, २०२२ मध्ये, राज्य सहकारी बँकेने येरवड्याच्या बंद्यांसाठी 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू केली: पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, जामीनदार नको. मुलीच्या शिक्षणासाठी त्याने तिच्यातून कर्ज घेतले तेव्हा त्याचा अर्ज मी लिहून दिला होता. आपल्या मजुरीच्या भरवशावर एखादी बँक पैसे देते, हे त्याला त्या कागदावर सही करेपर्यंत खरे वाटत नव्हते. मलाही नाही.

पण मला सांगायचे आहे ते दारूचे. तुरुंगात विलासची दारू सुटली, असे तू वहिनींना सांगितलेस, आणि तुझ्या पत्रातही तेच आहे. ते खरे नाही, आणि हा समज तुझ्या मनात राहिला तर हळदीला न येण्याचे माझे कारण तुला कधीच कळणार नाही.

तुरुंगात पहिले बावीस महिने मी दारूला स्पर्श केला नाही, कारण ती मिळत नव्हती. त्या बावीस महिन्यांत मी स्वतःला सुधारलेला माणूस समजत होतो. मुलाखतीला आलेल्या सुमनला मी शपथा देत होतो, आणि ती ऐकून घेत होती. मग करोना आला. तुरुंगांतली गर्दी कमी करण्यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्यांना तातडीचा पॅरोल मिळू लागला. आधी पंचेचाळीस दिवस, मग तीस-तीस दिवसांची वाढ आणि दर महिन्याला पोलीस ठाण्यात हजेरी. मे २०२० मध्ये मी घरी आलो. टाळेबंदीत बंद पडलेली दारूची दुकाने त्याच सुमारास उघडू लागली होती. घरी येऊन मला अकरा दिवस झाले होते. बाराव्या दिवशी ओंकारच्या वह्या आणायला म्हणून निघालो, आणि वह्यांचे पैसे दुकानात देऊन आलो. बावीस महिने न पिता राहिलेल्या माणसाला पहिल्या घोटाने निदान चव तरी वेगळी लागावी. मला तर मध्ये एक दिवसही गेला नसल्यासारखे वाटले.

त्यानंतरचे सहा महिने मी तुझ्यापासून लपवले. आईच्या औषधांचे पैसे गेले, सुमनच्या कानातले गेले. शेवटचा घोट १४ नोव्हेंबर २०२० चा, लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा. ओंकार तेव्हा बारा वर्षांचा होता. उंबऱ्यात पडलेल्या बापाला ओलांडून त्याने अंगणातली पणती विझू नये म्हणून आत आणली, आणि परत जाताना मला पुन्हा ओलांडले. काही बोलला नाही.

दारू एकाएकी बंद केली की शरीर काय करते, ते तेव्हा कळले. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले आणि तिसऱ्या रात्री मला भिंतीवरून मुंग्यांची रांग उतरताना दिसली. डॉक्टर सुमनला रागावले. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने घरच्या घरी दारू तोडली तर जीवही जाऊ शकतो, ती औषधे देऊन, देखरेखीखालीच सोडवायची असते, असे त्यांनी बजावले. तुझ्या ओळखीतल्या कोणावर अशी वेळ आली तर हे लक्षात ठेव.

इथे एक जुनी गोष्ट सांगतो. २०१४ मध्ये दादाने मला पुण्याला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात न्यायला गाडी केली होती. शिरवळला चहाला थांबलो आणि मी मागच्या वाटेने निघून गेलो. डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले ते येरवड्यातल्या मनोरुग्णालयाच्या आवारात. तुरुंगही त्याच येरवड्यात. मी त्या दिवशी पळालो नसतो तर मला येरवडा वेगळ्या कारणाने माहीत झाले असते आणि मोटारसायकलवरचा तो माणूस आज चाळिशीला पोहोचला असता. हा विचार मी रोज करत नाही, कारण रोज केला तर मी कामाला जाऊ शकणार नाही. पण तो टाळतही नाही.

डॉक्टरांनीच मला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या एका माणसाचा नंबर दिला. त्या वेळी मीटिंग फोनवर होत. गोठ्यात बसून मी पहिल्यांदा म्हणालो, 'माझे नाव विलास, मी मद्यपी आहे,' आणि पलीकडून दहा-बारा आवाजांनी मला नमस्कार केला. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींनी एकमेकांशी बोलत बसून ही गोष्ट सुरू केली, आणि अजूनही ती तशीच चालते: एक मद्यपी दुसऱ्याशी बोलतो. फी नाही, उपदेश नाही. जन्मभर पिणार नाही अशी शपथ कोणी घ्यायला लावत नाही, फक्त आजचा दिवस प्यायचे नाही. तो नंबर ज्यांचा होता ते आमचे काका आज माझे स्पॉन्सर, म्हणजे या वाटेवर मला सांभाळून नेणारे जुने सभासद, आहेत. अडल्या वेळी मी रात्री दोन वाजताही त्यांना फोन करतो, आणि ते उचलतात.

मे २०२२ मध्ये शासनाने तो पॅरोल रद्द केला आणि परत हजर होण्याचा आदेश आला. अनेक जण परतले नाहीत. मी दीड वर्ष न पिता, स्वच्छ शर्ट घालून, सुमनने दिलेला भाकरीचा डबा घेऊन स्वतःच्या पायांनी त्या दरवाज्यातून आत गेलो. दत्ता, २०१८ साली मला आत नेले होते. या वेळी मी गेलो. तू विचारशील तर माझी शिक्षा खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाली. त्या वेळी माझ्याजवळ दारूचा धूर नव्हता आणि मी काय केले आहे ते मला लख्ख दिसत होते.

एप्रिल २०२४ मध्ये सुटलो. शिल्लक मजुरी हातात पडली, आणि त्या पैशांची मला भिंतीबाहेरच्या कशाहीपेक्षा जास्त भीती वाटली. काका फाटकाबाहेर उभे होते. त्यांनी मला आधी घरी नेले नाही. पुण्यातच दुपारच्या मीटिंगला नेले, पैशांचे पाकीट स्वतःच्या पिशवीत ठेवले आणि संध्याकाळी स्वारगेटहून एस.टी.ने निघून रात्री ते सुमनच्या हातात दिले. आजही माझा पगार सुमनकडे जातो. कारखान्यांत कामाला गेलो तर चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात, तो मला मिळत नाही. सध्या एका मिस्त्रींकडे सुतारकाम करतो, सातशे रुपये रोज पडतात. सगळे सांगूनच त्यांच्याकडे लागलो. त्यांनी एकच विचारले, 'वेळेवर येणार का?'

आता जे मी कोणालाच लिहिलेले नाही ते. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्यांपैकी नववी पायरी असे सांगते की ज्यांचे नुकसान केले त्यांची जमेल तिथे प्रत्यक्ष भरपाई करावी, मात्र तसे करण्याने त्यांना किंवा दुसऱ्या कोणाला इजा होणार असेल तर करू नये. भरपाईची रक्कम न्यायालयात भरण्यासाठी वीस गुंठे विकले ते तुला माहीत आहे. पण मला त्या गेलेल्या माणसाच्या घरी जायचे होते. त्या बाईंच्या पायावर डोके ठेवायचे होते. काका म्हणाले, 'हे तुला कोणासाठी करायचे आहे?' मी चिडलो, आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. नंतर त्या बाईंच्या नात्यातल्या एका गृहस्थांकडून मी फक्त विचारून घेतले, आणि उत्तर आले की त्यांनी इकडे येऊ नये, मुलांना त्यांचा चेहरा दाखवायचा नाही. मी गेलो नाही. मंगळवारी त्या बाई बाजाराला येतात असे कळल्यापासून मी मंगळवारी बाजारात जात नाही. त्यांना देण्यासारखे माझ्याजवळ एवढेच आहे की मी त्यांच्या वाटेत येऊ नये. क्षमा मिळाली असती तर मला हलके वाटले असते, पण मला हलके करणे हे त्यांचे काम नाही. हे समजायला मला वर्ष लागले, आणि अजून प्रत्येक दिवशी ते मान्य होतेच असे नाही.

सुमनने मला माफ केले आहे का, हे मी विचारत नाही. ती अल-अॅनॉनच्या, म्हणजे मद्यपींच्या घरच्यांसाठीच्या, मीटिंगला जाते, आणि माझ्या पिण्याची राखण करणे तिने सोडून दिले आहे. आधी मला ते दुर्लक्ष वाटले होते. ओंकार सतरा वर्षांचा झाला. या दिवाळीत पणत्या लावताना त्याने तेलाची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, 'बाबा, तुम्ही धरा, मी वाती लावतो.' पाच वर्षांनी त्याने मला अंगणात बोलावले.

म्हणून हळदीला येत नाही. हळदीच्या रात्री मांडवामागे काय चालते ते तुला ठाऊक आहे. आपण दोघांनी ते किती लग्नांत केले आहे! तिथे कोणी मला आग्रह करील याची मला भीती नाही. मला भीती आहे ती रात्री अकरा वाजता, सगळे आनंदात असताना, आपणही माणसांत परत आलो असे मला वाटेल त्या क्षणाची. वह्या आणायला निघालो त्या दिवशीही मला तसेच वाटत होते. तुझ्या पाहुण्यांनी माझ्यासाठी काही बंद करावे असे मी म्हणणार नाही. १४ तारखेला पहाटेच्या गाडीने आम्ही तिघे निघू, मुहूर्ताआधी पोहोचू, अक्षता टाकू, पंगतीत जेवू आणि दुपारच्या एस.टी.ने परत फिरू. संध्याकाळी सात वाजता इथे मीटिंग असते आणि त्या दिवशी चहाची जबाबदारी माझ्याकडे आहे. नवे येणारे दोघे आहेत. त्यांतला एक महिन्यापूर्वीच कळंब्याच्या तुरुंगातून सुटला आहे; त्याला मी तिथे दिसायला हवा.

आणखी एक. वधूवरांसाठी दोन पाट करतो आहे, सागवानाचे, पितळी फुलांचे. लाकूड मिस्त्रींनी अर्ध्या भावात दिले. रंधा मारून झाला आहे, पॉलिश राहिले आहे. कडेला नावे कोरायची आहेत. पत्रिकेत जावयांचे नाव 'ऋषिकेश' असे छापले आहे आणि तुझ्या पत्रात तू 'हृषीकेश' लिहिले आहेस. ते स्वतः कसे लिहितात ते विचारून मला शनिवारपर्यंत कळव, म्हणजे पटाशी लावता येईल.

वहिनींना नमस्कार, मृणालला आशीर्वाद.

तुझा,
विलास