तगरीची भावकी

लालबाग, रविवार पहाट

चि. संदेश यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू माळ्यावर झोपलेला, मी खाली, मधे फक्त शिडी, आणि तरी पत्र लिहितोय. तोंडाने बोलायला गेलं की आपलं भांडण होतं. परवा रात्री तू मोबाइलवर आयबोगाचा व्हिडिओ पुढे केलास, "बाबा, मेक्सिकोला जाऊन एकदाच घ्यायचं, व्यसन सुटतं, टर्की येतच नाही" म्हणालास (टर्की म्हणजे नशा सोडताना अंगाचे होतात ते हाल), आणि मी पुरतं न ऐकताच "आता झाडपाल्याच्या नादी लागलास का" म्हणून खेकसलो. चुकलंच माझं. गेले दोन दिवस चष्मा लावून त्या आयबोगाच्या झुडपाचंच वाचतोय.

आधी कबूल करतो, ती थाप नाही. आफ्रिकेत गॅबॉनमध्ये ब्विती पंथाचे लोक त्या झुडपाच्या मुळाची साल खरवडून दीक्षेच्या वेळी खातात. १९६२ साली न्यूयॉर्कचा हॉवर्ड लॉटसॉफ नावाचा १९ वर्षांचा पोरगा, हेरॉइनचा व्यसनी, त्यातला अर्क म्हणजे आयबोगेन निव्वळ नशेसाठी घेतो, आणि दीड दिवसाने त्याच्या लक्षात येतं की अंग मोडून येत नाहीये, हेरॉइन मागतही नाहीये. पुढे १९८५ मध्ये त्याने या उपचाराचं पेटंट घेतलं. २०२५ मध्ये टेक्सास राज्याने आयबोगेनच्या संशोधनाला ५ कोटी डॉलर देऊ केले. म्हणजे शहाणी माणसंही याच्याकडे आशेने बघतायत.

गंमत म्हणजे हे झुडूप आपल्या तगरीच्या भावकीतलं निघालं. गॅलरीत तेलाच्या डब्यात आईने लावलीय, रोज सकाळी पाच फुलं देवाला जातात, तीच. सदाफुली आणि कण्हेर त्याच कुळातल्या. सदाफुलीतून कॅन्सरचं औषध निघतं आणि कण्हेरीने माणूस हृदय बंद पडून मरतो. गावाला गुरांनासुद्धा कण्हेरीपासून लांब बांधतात. (आईच्या तगरीचं पान चघळून बघू नकोस. तुझा नेम नाही.)

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. ३१ वर्षं मी ईसीजी काढले. छातीला जेल लावायची, पट्टी बाहेर आली की एका ठोक्याच्या रेघेत क्यू नावाची लाट सुरू होते तिथपासून टी नावाची लाट मावळते तिथपर्यंत बारीक चौकोन मोजायचे. एक चौकोन ४० मिलीसेकंदांचा. तुझ्या वयाच्या पोराचं दहा-अकरा चौकोनांत आटपतं. नाडीचा हिशेब लावून साडेबाराच्या, म्हणजे ५०० च्या वर गेलं, की ती पट्टी आम्ही टेबलावर ठेवत नसू, हातात घेऊन डॉक्टरांकडे पळायचो. कारण प्रत्येक ठोक्यानंतर पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं तेव्हाच हृदय पुढच्या ठोक्याला तयार होतं, आणि आयबोगेन नेमकी तीच वाट अडवतं. वर त्याने उलट्या होतात, उलट्यांनी अंगातलं पोटॅशियम आणखी उतरतं. लिव्हर त्याचं जे नॉरआयबोगेन करतं ते कैक दिवस रक्तात राहतं, म्हणजे रात्र पार पडली म्हणून सुटलो असंही नाही. १९९० ते २००८ या काळात ते घेतल्यानंतर दगावलेल्या १९ जणांची नोंद एका अभ्यासात आहे. न्यूझीलंडमध्ये १४ जणांवर उपचार करून वर्षभर पाहिलं. बऱ्याच जणांचं व्यसन कमी झालं, एकजण उपचार चालू असतानाच गेला. तू दाखवलेल्या व्हिडिओत जे माजी सैनिक होते, त्यांना मेंदूच्या दुखापतीसाठी दिलं होतं, अफूच्या व्यसनासाठी नव्हे, आणि हृदय सांभाळायला सोबत मॅग्नेशियम दिलं होतं. हे त्या व्हिडिओवाल्याने सांगितलं नाही.

पण मला झोप लागली नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. ते घ्यायचं तर ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे तुझी केंद्रावरची जिभेखालची गोळी, आधी काही आठवडे बंद करावी लागते, आणि तोवर कमी वेळ टिकणाऱ्या अफूच्या औषधावर राहायचं. म्हणजे जी गोळी तुला धरून उभी आहे तीच सोडायची, आणि तेही या लालबागेत, जिथे गर्द कुठल्या गल्लीत मिळतं हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. शिवाय मेक्सिकोहून अंग साफ होऊन आलास आणि एकदा पाय घसरला, तर पूर्वीचीच पुडी जीव घेईल, कारण अंगाची सवय मोडलेली असणार.

तुला त्या गोळीची लाज वाटते हे मला कळतं. व्यसनमुक्ती केंद्रावर रांग लावायची, सिस्टर गोळी कुटून जिभेखाली टाकणार, विरघळेपर्यंत समोर बसायचं, मग लहान पोरासारखा आ करून दाखवायचा. शेजारी तर मला अजून गर्दुल्ल्याचा बापच म्हणतात. म्हणू देत. अपघातानंतर पायाच्या दुखण्याला ट्रॅमाडॉल, तेही अफूच्याच जातीचं औषध, सुरू झालं तेव्हा दुकानातून पाकिटं आणून देणारा मीच होतो, चिठ्ठी आहे की नाही हे न बघता. ती टर्की मी बघितलीय. नाक गळतंय, अंगावर काटा, रात्रभर पाय झाडतोयस, वर माळ्याच्या फळ्या वाजतायत आणि आई खाली तोंडात पदर कोंबून बसलेली. गेले सात महिने फळ्या वाजलेल्या नाहीत.

मेक्सिकोच्या त्या उपचारासाठी गावची जमीन मी विकणार नाही. उद्या कुठल्या मोठ्या इस्पितळात, मॉनिटर लावून, रीतसर चाचणीत हे औषध देऊ लागले आणि तुझ्या डॉक्टरांनी हो म्हटलं, तर मात्र मी तुझ्याबरोबर येईन आणि पट्टी स्वतः बघेन.

सोमवारी केंद्रावर जाशील तेव्हा डॉक्टरांना एवढंच विचार की माझा एक ईसीजी लिहून द्याल का. पट्टी घरी आण, घडी घालू नकोस, गुंडाळून आण. माझं भिंग कपाटातल्या वरच्या खणात, आईच्या बांगड्यांच्या डब्यामागे आहे. चौकोन दोघं मिळून मोजू.

तुझा,
बाबा