'लेवेत्सो' असं लिहायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

जर्मन नौदल अधिकारी आणि पुढे बर्लिनचा पोलीसप्रमुख झालेल्या माग्नुस फॉन लेवेत्सोवरची (Levetzow) आमची मराठी नोंद पूर्ण झाली. तिच्यातल्या मोलाच्या दुरुस्त्या तुमच्या आहेत, म्हणून हे आभार सर्वांसमोर.

सुरुवात नावापासून. आम्ही 'लेव्हेटझोव' लिहिलं होतं. उत्तर जर्मनीतल्या अशा नावांत शेवटचा डब्ल्यू मुका असतो, हे तुम्ही बर्लिनच्या पांको आणि ट्रेप्टो या भागांची उदाहरणं देऊन पटवलंत. हुद्द्यातही आम्ही फसलो होतो. 'कापिटेन त्सूर झे' म्हणजे भूदलातला कॅप्टन नव्हे, तो कर्नलच्या तोडीचा. 'मोल्टके' या बॅटलक्रूझरचा, म्हणजे मोठ्या युद्धनौकेचा, प्रमुख असलेला लेवेत्सो कनिष्ठ अधिकारी वाटत होता, तो याच चुकीमुळे. कुरेंट ही जुनी जर्मन हस्तलिपी वाचताना आधी डोक्यावर वक्र रेघ असलेले 'यू' शोधायचे, मग उरलेल्यांतले 'एन' आणि 'ई' वेगळे करायचे, हा तुमचा क्रम आता आमच्या हातात बसला आहे.

सर्वांत मोठं ऋण मात्र १९१८ च्या परिच्छेदाचं. ब्रिटिश आरमारावर शेवटच्या चढाईचा आदेश लेवेत्सोने २२ ऑक्टोबरला जर्मन आरमाराचा प्रमुख हिपर याला तोंडी सांगितला. आम्ही तो आदेश आणि २४ तारखेची लेखी योजना एकच धरली होती. योजना हिपरच्या मुख्यालयाची होती. हे वेगळं केल्यावरच महिनाअखेरीच्या नाविकांच्या बंडाची आणि पुढे कील बंदरातल्या उठावाची साखळी नीट जुळली. मार्च १९२० मध्ये प्रजासत्ताक सरकार उलथवू पाहणाऱ्या कापच्या बंडाला साथ दिल्यामुळे नौदल सुटलेला हा माणूस पुढे नाझी झाला, त्यात आम्हाला आता अचानक असं काही दिसत नाही.

पोलीसप्रमुखपदाबाबत तुम्ही दोन्ही बाजूंनी लगाम घातलात. फेब्रुवारी १९३३ मध्ये तो बर्लिनच्या पोलीसप्रमुखपदी आला. पण एसए आणि एसएस या नाझी पक्षाच्या निमलष्करी दलांतल्या लोकांना सहायक पोलीस करण्याचा हुकूम नाझी मंत्री गोअरिंगचा, बर्लिनसह साऱ्या प्रशिया राज्यासाठी. एप्रिलअखेर राजकीय पोलीसही वेगळे होऊन गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, झाले. तो भार त्याच्या एकट्याच्या माथी मारणं चूक. उलट, जुलै १९३५ मध्ये बर्लिनच्या कुर्फ्युर्स्टनडाम रस्त्यावर ज्यूंवर हल्ले झाल्यानंतर त्याला हटवून एसएचा नेता हेलडॉर्फ याला आणलं, यावरून तो ज्यूंचा कैवारी होता असं सुचवणारं आमचं वाक्य तुम्ही पूर्ण खोडलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

त्याजागी लिहिलेला नवा परिच्छेद सोबत जोडला आहे. सवडीने नजरेखालून घालावा.

आपले,
नोंदीचे लेखक