हझार्डच्या घोट्याबद्दल कुणी लिहीत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत ‘वाया गेलेले हिरे’ या मथळ्याखाली जो लेख आला, त्यात बेल्जियमचा फुटबॉलपटू एडन हझार्ड याला पहिला नंबर दिलाय. सोबत बर्गर खाणाऱ्या खेळाडूचं व्यंगचित्र. मजकूर थोडक्यात असा, की स्पेनच्या रेयाल माद्रिद क्लबने सुमारे १० कोटी युरो मोजले, ४ वर्षांत ७ गोल पदरात पडले, गडी खाऊन-पिऊन सुस्तावला, पैशासाठी बसून राहिला आणि ३२व्या वर्षी घरी गेला. आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे गुडघे आणि घोटेच हाताळते. त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

त्या लेखात दुखापतींचा उल्लेख एकदाच येतो, तोही ‘किरकोळ दुखापतींच्या सबबी’ असा. त्या किरकोळ दुखापती काय होत्या ते सांगते.

जून २०१७ मध्ये बेल्जियमच्या संघाच्या सरावात हझार्डचा उजवा घोटा मोडला. शस्त्रक्रिया झाली. यातून तो उत्तम बाहेर आला, हे आधीच मान्य करते, कारण पुढची दोन वर्षं तो जे खेळला ते त्याच्या आयुष्यातलं सर्वोत्तम होतं. मग २०१९ च्या उन्हाळ्यात तो लंडनचा चेल्सी क्लब सोडून माद्रिदला गेला. २६ नोव्हेंबरला पॅरिस सेंट-जर्मेनविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा सामना होता. तोमा म्युनिएचा पाय त्याच उजव्या घोट्यावर बसला. म्युनिए बेल्जियमचाच. दीड वर्षापूर्वी विश्वचषकात इंग्लंडला हरवून तिसरा क्रमांक मिळवला, तेव्हा या दोघांनीच एकेक गोल केला होता. आधी मुका मार वाटला, नंतर हाडाला बारीक चीर निघाली. १६ फेब्रुवारी २०२० ला सेल्टा व्हिगोविरुद्ध तो मैदानात परतला. सहाच दिवसांनी लेव्हान्तेविरुद्ध तोच पाय पुन्हा गेला. या वेळी फिब्युलाचं खालचं टोक मोडलं. मार्चमध्ये अमेरिकेत, डॅलसला शस्त्रक्रिया. आणि मार्च २०२२ मध्ये त्याच फिब्युलातली प्लेट काढायला पुन्हा टेबलावर.

फिब्युला म्हणजे नडगीच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड. शरीराचं वजन बहुतेक सगळं नडगीच पेलते, त्यामुळे ‘बारीक हाड आहे, होईल बरं’ असं पेशंटचे नातेवाईक बिनधास्त म्हणतात. सरळ रेषेत ऑफिसला जाऊन सरळ रेषेत घरी येणाऱ्या माणसासाठी ते खरंही आहे. पण या हाडाचं खालचं टोक म्हणजेच घोट्याचा बाहेरचा उंचवटा. पाऊल आत मुडपू नये म्हणून जे लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारे पट्टे, धरून ठेवतात, ते त्यालाच बांधलेले असतात. धावता धावता उजवा पाय बाहेर रोवून अंग डावीकडे फेकायचं असेल, तर सगळा ताण घोट्याच्या याच बाजूला येतो.

आणखी एक गोष्ट. एक्स-रेत हाड पक्कं जुळलेलं दिसत असतं, पेशंट खुशीत असतो, आणि मी त्याला एका पायावर उभं करून डोळे मिटायला सांगते. लगेच घोट्याच्या कडेच्या शिरा थरथरायला लागतात, पायाची बोटं जमीन पकडू पाहतात, आणि माणूस माझा खांदा धरतो. घोट्याला आपण कसे उभे आहोत याचं जे उपजत भान असतं, ते दुखापतीत हरवतं आणि हाडापेक्षा उशिरा परत येतं. सावरायला निमिषभर उशीर होतो, एवढंच. जिना उतरताना तो उशीर कुणाला कळतही नाही. हझार्डचा मात्र अख्खा धंदा त्या निमिषावर चालायचा.

तो धंदा काय होता हे पाहायचं असेल, तर फेब्रुवारी २०१७ मधला आर्सेनलविरुद्धचा त्याचा गोल पाहावा. मध्यरेषेच्या आसपास चेंडू मिळतो. फ्रान्सिस कोक्लँ त्याला बिलगतो, अक्षरशः अंगाला लोंबकळतो, आणि स्वतःच गिरकी घेऊन बाजूला पडतो. हझार्ड पडत नाही. उंची जेमतेम पावणेसहा फूट, बसकी ठेवण, मांड्या आणि कंबर भक्कम. पुढे कोसिएल्नी हा तेव्हाचा नावाजलेला बचावपटू समोर येतो. हझार्ड एकीकडे झुकतो, थांबतो, दुसरीकडे जातो, आणि गोलरक्षक पीटर चेकच्या वरून चेंडू जाळ्यात. वेगवान खेळाडू पुष्कळ असतात. पूर्ण वेगातून एका पावलात थांबणं आणि त्याच पावलावर दिशा बदलणं, ही त्याची करामत. त्यातलं थांबणं आणि वळणं दोन्ही घोट्याच्या जिवावर चालतं.

म्हणूनच विश्वचषक २०१८ च्या उपांत्यपूर्व सामन्यात कझानला ब्राझीलच्या बचावफळीला त्याला आवरता आलं नाही. त्या दिवशी त्याने दहा वेळा ड्रिबल करायचा प्रयत्न केला आणि दहाही वेळा तो समोरच्याला चकवून गेला. बेल्जियम २-१ ने पुढे होता, ब्राझील बरोबरीसाठी तुटून पडला होता, आणि हा कॉर्नरच्या झेंड्याकडे चेंडू घेऊन जायचा नि दोघातिघांना अंगावर घेऊन उभा राहायचा. फाऊल मिळवायचा, उठायचा, पुन्हा तेच. गोलांच्या तक्त्यात त्या दिवशी त्याचं नाव नाही. स्पर्धेतल्या दुसऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा रुपेरी चेंडू मात्र त्याला मिळाला. उपांत्य फेरीत फ्रान्सने बचाव करत करत एका गोलने हरवलं, तेव्हा असं जिंकण्यापेक्षा बेल्जियमसारखं खेळून हरणं पत्करेन, अशा अर्थाचं काहीतरी तो तोंडावर बोलून गेला. कर्णधाराला शोभलं नाही म्हणणारे म्हणोत, मला आवडलं.

आता वजनाचं. सुट्टीत तो वजन वाढवून यायचा, हे त्याने स्वतः लपवलेलं नाही. सरावात तो आळशी होता हेही खरं. चेल्सीतला त्याचा सहकारी जॉन ओबी मिकेल याने जाहीरपणे सांगितलंय, की इतर घाम गाळत असताना हा आरामात उभा असायचा आणि सामन्याच्या दिवशी सगळ्यात भारी तोच खेळायचा. माझ्याकडे असा खेळाडू आला तर मी त्याला चांगलं फैलावर घेईन. अंगावरचा एकेक जादा किलो उडी मारून उतरताना घोट्यावर कित्येक पटींनी बसतो. बऱ्या होत असलेल्या फ्रॅक्चरला ते परवडत नाही. तेव्हा लेखकाचा हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

पण मग चेल्सीचं काय? तिथेही हाच माणूस होता, हाच आळस, हीच जीभ. सात हंगामांत ३५२ सामने, ११० गोल. म्हणजे वर्षाला सरासरी ५० सामने, तेही इंग्लंडमध्ये, जिथे त्याच्याइतक्या लाथा फार थोड्यांनी खाल्ल्या असतील. माद्रिदमध्ये चार वर्षांत मिळून ७६. सवयी त्याच राहिल्या आणि सामने वर्षाला ५० वरून १९ वर आले, तर बदललेली गोष्ट शोधायला नको का? बदलला होता तो उजवा घोटा. तीन महिन्यांत एकाच ठिकाणी दोनदा मार बसला, मधे सहा दिवसांचा खेळ. त्यानंतर मांडीचे आणि पोटरीचे स्नायू एकामागून एक तक्रार करू लागले, त्यात मला तरी नवल वाटत नाही. एक सांधा भार घ्यायला कचरला की वरचे स्नायू त्याचं काम अंगावर घेतात आणि थकतात, हे आमच्या विषयात पहिल्या वर्षाला शिकवतात.

लेखात त्याला ‘बेल्जियमच्या सरकारी पद्धतीने घडवलेला’ म्हटलंय, तेही जाता जाता दुरुस्त करते. २००० च्या युरो स्पर्धेत घरच्या मैदानावर पहिल्याच फेरीत गारद झाल्यावर तिथल्या फुटबॉल संघटनेने मिशेल साब्लोंच्या पुढाकाराने मुलांच्या प्रशिक्षणाची घडी नव्याने बसवली, हे खरं. पण संघटना म्हणजे सरकार नव्हे, आणि हझार्ड चौदाव्या वर्षीच सीमा ओलांडून फ्रान्समधल्या लीलच्या अकादमीत गेला होता. त्याची खरी शाळा ब्रेन-ल-कोंत या गावात, घराजवळच्या मैदानावर भरली. आई-वडील दोघेही फुटबॉल खेळणारे. आई आघाडीला खेळायची, आणि एडन पोटात असताना तीन महिन्यांपर्यंत खेळत होती. (असं माझ्यासमोर कुणी सांगितलं असतं तर मी तिला घरी पाठवलं असतं.) चारही भाऊ फुटबॉलमध्येच गेले. थॉर्गन तर त्याच्यासोबत विश्वचषक खेळला.

लीलमध्ये त्याने जे केलं त्याला लेखात एक ओळही नाही. २०११ मध्ये लीलने फ्रेंच लीग आणि फ्रेंच चषक दोन्ही जिंकले. हझार्ड त्या हंगामातला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षीही तोच. निरोपाच्या सामन्यात हॅट्ट्रिक करून गेला.

चेल्सीत दोन प्रीमियर लीग, दोन युरोपा लीग, २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या खेळाडूंनी स्वतः मतं देऊन दिलेला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान. २०१८ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध एकच गोल झाला. फिल जोन्सला मागे टाकून पेनल्टी मिळवली ती हझार्डने, मारलीही त्यानेच. आणि मे २०१६ मधली टॉटनहॅमविरुद्धची ती संध्याकाळ! त्याचा हंगाम भयंकर गेला होता. लीगमधला पहिला गोल व्हायला एप्रिल उजाडला होता. चेल्सी ०-२ ने मागे. गॅरी केहिलने एक फेडला आणि ८३व्या मिनिटाला हझार्डने वरच्या कोपऱ्यात असा काही चेंडू वळवला, की सामना बरोबरीत सुटला, जिंकणं भाग असलेलं टॉटनहॅम शर्यतीतून बाद झालं आणि तिकडे लेस्टर सिटी लीगविजेती झाली. ज्या संघात तो कधी खेळला नाही, त्या संघाच्या गावात त्या रात्री लोक रस्त्यावर नाचत होते.

मे २०२१ मध्ये चेल्सीने माद्रिदला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीतून बाहेर काढलं, तेव्हा हा जुन्या सहकाऱ्यांबरोबर हसत उभा होता, याचाही लेखात पुरावा म्हणून वापर झालाय. स्पेनमध्ये त्यावरून केवढा गहजब झाला, त्याला माफी मागावी लागली. पण तो कायमच असा होता. जिंकला तरी हसायचा, हरला तरी मित्र भेटले की हसायचा. लंडनमध्ये ते लोभस वाटत होतं आणि माद्रिदमध्ये गुन्हा ठरलं, कारण मधल्या काळात तो खेळू शकत नव्हता.

बेल्जियमच्या याच पिढीतला केव्हिन डी ब्रुएने त्याच १९९१ सालचा, हझार्डहून साधारण सहा महिन्यांनी लहान. त्याच्याशी तुलना करून ‘शिस्त असती तर’ असं लिहिणं सोपं आहे. पण डी ब्रुएनेचा खेळ पासचा, नजरेचा. त्याचेही स्नायू दगा देत आले, २०२३ मध्ये हॅमस्ट्रिंगची, म्हणजे मांडीमागच्या स्नायूची, शस्त्रक्रिया झाली, तरी उभ्या जागेवरून चाळीस मीटरचा पास त्याला देता येतो. हझार्डला उभ्या जागेवरून हझार्ड होता येत नव्हतं.

बेल्जियमकडून तो १२६ सामने खेळला, ३३ गोल केले, बराच काळ कर्णधार होता. कतारच्या विश्वचषकात संघ साखळीतच बाहेर पडल्यावर त्याने राष्ट्रीय संघ सोडला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये खेळच सोडला. शरीराचं ऐकावं आणि वेळेवर थांबावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. तोवर कुठल्याशा दूरच्या लीगमध्ये जाऊन आणखी दोन-तीन वर्षं पैसे कमावणं त्याला अवघड नव्हतं.

राहता राहिलं लेखातलं ‘पैशासाठी बसून राहिला’ हे वाक्य. रेयाल माद्रिदशी त्याचा करार जून २०२४ पर्यंत होता. २०२३ च्या जूनमध्ये, म्हणजे एक वर्ष बाकी असताना, दोघांच्या संमतीने तो संपवून हझार्ड निघून गेला. बाकी मतं लेखकाची आहेत, ती त्यांनी ठेवावीत. या वाक्याची दुरुस्ती मात्र त्याच पानावर, वाचता येईल अशा टाइपात छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट